डाळिंबाचा बहार आणि नत्राचे माप
देवळा परिसरातील बागाइतदारांसाठी विवेचन

गिरणा नदीच्या खोऱ्यातील कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या चार तालुक्यांचा मिळून जो टापू होतो त्यास लोकव्यवहारात ‘कसमादे’ असे म्हणतात. यांपैकी देवळा तालुक्यातील बहुतेक गावे पर्जन्यछायेत मोडतात. पाऊस कमी आणि अनिश्चित, विहिरींचा आधार मर्यादित, जमीन बव्हंशी हलकी ते मध्यम व कोठे कोठे काळी, अशी येथील परिस्थिती आहे. कांदा हे या भागाचे हुकमी पीक होय. त्याच्या जोडीस थोड्या पाण्यावर तग धरणारे व चार पैसे अधिक देणारे फळझाड म्हणून शेतकऱ्यांनी डाळिंबाची निवड केली, ती योग्यच होती.

या पिकाच्या सुधारणेस महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबागेत आळंदी जातीच्या झाडांतून एक उत्तम वाण निवडला. तोच पुढे १९७० मध्ये ‘गणेश’ या नावाने ओळखला जाऊ लागला. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘भगवा’ या वाणाने नंतर बाजार काबीज केला. २००५ मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. वाण आहे, ठिबक संच आहे, बाजार आहे. तरीही अनेक बागांत बहाराच्या वेळी निराशा पदरी पडते. तिचे एक प्रमुख कारण खतांच्या, विशेषतः नत्राच्या, चुकीच्या वापरात आहे. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

झाड हिरवे, पण कळी नाही

बहार धरल्यानंतर महिनाभराने बागेत फिरले असता पुष्कळदा असे दृश्य दिसते: झाडे गर्द हिरवी, शेंड्यांना लांबसडक कोवळी फूट, खोडाच्या बुंध्यापासून सरळ वर धावणारे पाणसोट; आणि कळी मात्र तुरळक. जी कळी आली तिच्यातीलही बरीचशी चार-आठ दिवसांत झाडाखाली पडलेली. अशा वेळी ‘झाडाला ताकद कमी पडली’ असा समज करून घेऊन शेतकरी पुन्हा युरियाची मात्रा देतो. त्यामुळे फूट आणखी वाढते व कळी आणखी लांबते. वस्तुतः त्या झाडास उपासमार झालेली नसते, तर अवेळी व अतिरिक्त जेवण झालेले असते.

यात होणारे नुकसान केवळ खताच्या पैशापुरते नसते. पहिल्या लाटेची कळी गेली म्हणजे फळे उशिराच्या कळीवर धरावी लागतात. ती एकाच वेळी पक्व होत नाहीत व लहान राहतात. तोडणी लांबते आणि कित्येकदा फळ नेमके पावसात सापडते. ज्या कुटुंबाने सोसायटीचे कर्ज काढून ठिबक संच बसविला आहे, त्याच्या दृष्टीने एक बहार हुकणे म्हणजे एक वर्ष हुकणे होय. म्हणून खत टाकण्यापूर्वी झाडाच्या फुलण्याची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

फुलांचे प्रकार ओळखा

डाळिंबाच्या एकाच झाडावर मुख्यतः दोन प्रकारची फुले येतात. पहिला प्रकार पूर्ण म्हणजे द्विलिंगी फुलांचा. शेतकरी यांस ‘मादी कळी’ म्हणतात. या कळीचा बुंधा फुगीर व घागरीसारखा असतो. कळी उभी चिरून पाहिल्यास बीजकोश मोठा दिसतो आणि मधली दांडी लांब असून तिचे टोक पुंकेसरांच्या उंचीपर्यंत किंवा त्याच्याही वर पोहोचलेले असते. फळ याच फुलापासून मिळते. दुसरा प्रकार नर फुलांचा. त्यांचा बुंधा निमुळता, आकार घंटेसारखा, बीजकोश लहान व मधली दांडी आखूड असते. ही फुले परागाच्या कामी येतात व गळून पडतात. या दोहोंच्या मधल्या स्वरूपाची काही फुलेही असतात. त्यांतून क्वचित फळ धरले तरी ते बहुधा टिकत नाही.

सर्वसाधारणपणे पहिल्या लाटेत मादी कळीचे प्रमाण अधिक असते व पुढच्या लाटांत नर कळीचे प्रमाण वाढत जाते. म्हणून नर फुलांची गळ पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही; ती गळ नैसर्गिक आहे. परंतु पहिल्याच लाटेत मादी कळी कमी दिसली, तर झाडाच्या साठ्यात किंवा व्यवस्थापनात काही उणे आहे असे समजावे. हवामानाचाही यावर परिणाम होतो. सर्व दोष खताच्या माथी मारणे बरोबर नाही. तथापि हवामान शेतकऱ्याच्या हाती नाही, खत मात्र आहे.

नत्र काय करते

नत्र हे पाने, कोवळी फूट व हरितद्रव्य यांच्या वाढीस लागणारे अन्नद्रव्य होय. नत्राशिवाय झाड वाढत नाही आणि फुलतही नाही. पण नत्र मुबलक व पाणीही मुबलक असेल, तर पानांत तयार झालेली साखर व पिष्ट पदार्थ साठून न राहता नव्या फुटीच्या बांधणीत खर्ची पडतात. मग कळीसाठी शिल्लक उरत नाही.

अमेरिकेत ओरेगॉन येथे क्राउस व क्रेबिल या दोन शास्त्रज्ञांनी १९१८ मध्ये टोमॅटोच्या झाडांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पिष्ट पदार्थ आणि नत्र यांच्या परस्परप्रमाणाकडे त्यांनी लक्ष वेधले. नत्र भरपूर मिळालेली झाडे जोमाने वाढली पण फळली नाहीत. नत्र अगदी तुटलेली झाडे खुरटली व तीही फळली नाहीत. मध्यम नत्र असून ज्यांत पिष्ट पदार्थांचा साठा झाला होता, तीच झाडे चांगली फळली. कळी येण्यामागे झाडातील संप्रेरकांचाही मोठा वाटा असतो, हे पुढील संशोधनाने दाखविले असून केवळ या एका प्रमाणावरून सर्व उलगडा होत नाही. परंतु बागेत निर्णय घेण्यास हा जुना नियम आजही उपयोगी पडतो. त्यातील दुसरी बाजूही विसरू नये: नत्र बंद करणे हा उपाय नव्हे; नत्राला वेळ व माप लावणे हा उपाय आहे.

ताणाचे मर्म

आपल्या हवामानात डाळिंबाचे झाड वर्षभर थोडे थोडे फुलत राहते. एकाच वेळी भरघोस कळी यावी म्हणून ताण देऊन बहार धरावा लागतो. आंबे बहाराची कळी जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहाराची जून-जुलैत व हस्त बहाराची सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. बहारापूर्वी हलक्या जमिनीत सुमारे ३० ते ४५ दिवस व भारी जमिनीत ४५ ते ६० दिवस पाणी तोडले जाते. या काळात नवी फूट थांबते, पाने पिवळी पडू लागतात आणि झाडात पिष्ट पदार्थांचा साठा होतो. पुढे पानगळ, हलकी छाटणी व खते देऊन पाणी सोडले, की साठ्याच्या बळावर कळी बाहेर पडते.

येथेच घोटाळा होतो. ताण बसण्याच्या सुमारास किंवा ताणाच्या ऐन मध्यावर युरिया दिला आणि जमिनीत ओल राहिली, किंवा अवकाळी पाऊस झाला, तर झाड विश्रांती सोडून फुटू लागते. साठा खर्च होतो व ताण वाया जातो. ज्या बागेत आधीच्या हंगामात नत्र जादा झाले आहे तिची पाने ताणातही गर्द हिरवी राहतात. मग पानगळीसाठी इथ्रेलची मात्रा वाढविण्याचा मोह होतो व झाडास धक्का बसतो. पानगळीच्या औषधाचे प्रमाण पानांची अवस्था पाहून व संशोधन केंद्राच्या शिफारशीनुसारच ठरवावे. काळ्या भारी जमिनीत ओल लवकर तुटत नाही. अशा ठिकाणी नत्राचा हात अधिकच आखडता ठेवावा लागतो.

खत केव्हा द्यावे

फळतोडणी झाल्याबरोबर बागेकडे पाठ फिरविण्याची सवय पुष्कळांना आहे. ती सोडली पाहिजे. पुढच्या बहाराची कळी याच विश्रांतीच्या काळात जमलेल्या साठ्यावर अवलंबून असते. तोडणीनंतर झाडाची पाने निरोगी ठेवावीत, चांगले कुजलेले शेणखत व माती परीक्षणानुसार थोडी रासायनिक खते देऊन पाणी सुरू ठेवावे आणि झाडास सुमारे तीन ते चार महिने विश्रांती द्यावी. ताण सुरू करावयाच्या पुरेसे आधी नत्र पूर्ण थांबवावे.

ताण संपवून पहिले पाणी देताना शेणखत, स्फुरद व पालाश यांची पूर्ण मात्रा आणि नत्राची केवळ अर्धी मात्रा द्यावी. उरलेले अर्धे नत्र कळी उमलून फळे धरल्यानंतर, म्हणजे सुमारे महिना ते दीड महिन्याने द्यावे. तोवर झाडावर फळांचा भार आलेला असल्याने नत्र फुटीकडे न जाता फळाच्या पोषणाकडे वळते. ठिबकातून विद्राव्य खते देणाऱ्यांनी हे नत्र आणखी लहान हप्त्यांत विभागावे. तत्त्व एकच: कळी निघण्याच्या वेळी नत्र बेताचे, फळ पोसण्याच्या वेळी गरजेपुरते आणि फळ पिकण्याच्या वेळी नगण्य.

मात्रेचा हिशेब

पाच वर्षे व त्यापुढील वयाच्या झाडास दरसाल ४० ते ५० किलो शेणखत आणि ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद व २५० ग्रॅम पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. ही मात्रा अन्नद्रव्याची आहे, खताची नव्हे. हा भेद न कळल्याने पुष्कळ गोंधळ होतो. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. म्हणून ६२५ ग्रॅम नत्रासाठी सुमारे १ किलो ३६० ग्रॅम युरिया लागतो. स्फुरद १६ टक्क्यांच्या सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यावयाचे असल्यास सुमारे १ किलो ५६० ग्रॅम आणि पालाश ६० टक्क्यांच्या म्युरेट ऑफ पोटॅशमधून द्यावयाचे असल्यास सुमारे ४२० ग्रॅम खत लागते.

आता दुसरा हिशेब पाहा. स्फुरद सुपर फॉस्फेटऐवजी डीएपीमधून दिले, तर २५० ग्रॅम स्फुरदासाठी सुमारे ५४५ ग्रॅम डीएपी लागेल. पण डीएपीत शेकडा १८ भाग नत्रही असते. म्हणजे त्यातूनच सुमारे ९८ ग्रॅम नत्र मिळाले. आता युरिया १ किलो ३६० ग्रॅम न देता सुमारे १ किलो १४५ ग्रॅमच द्यावयास हवा. अनेक बागाइतदार डीएपी देतात, युरियाही पूर्ण देतात, वर १९:१९:१९ सारखे विद्राव्य खत ठिबकातून सोडतात व कोंबडखतही घालतात. प्रत्येक पिशवीतील नत्राची बेरीज कोणी मांडत नाही. झाड मात्र ती बेरीज बरोबर मांडते आणि तिचे उत्तर कळीऐवजी फुटीच्या रूपाने देते.

साडेचार मीटर बाय तीन मीटर अंतराने लावलेल्या बागेत एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. त्या हिशेबाने सर्व नत्र केवळ युरियातून दिले तरी वर्षभरात एकरी ४१० किलोच्या आसपास, म्हणजे ४५ किलोच्या सुमारे ९ गोण्या युरिया लागतो. त्यातही बहाराच्या वेळी निम्म्याच. याहून अधिक गोण्या बागेत जात असतील, तर हिशेब पुन्हा तपासावा. शिवाय ही शिफारस सर्वसाधारण आहे. माती व पान परीक्षणाचा निष्कर्ष हाती असेल तर त्यानुसार ती कमी-जास्त करावी. कमी वयाच्या झाडांस मात्रा अर्थातच कमी लागते.

स्फुरद, पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्ये

स्फुरद मुळांच्या वाढीस व कळीच्या घडणीस आवश्यक आहे. परंतु चुनखडीच्या जमिनीत ते मातीत लवकर अडकून पडते. म्हणून ते पृष्ठभागावर न फेकता शेणखतात मिसळून मुळांजवळ द्यावे. पालाशामुळे फळाचे आकारमान, रंग व गोडी सुधारते. नुसता पालाश वाढवून कळी वाढेल अशी अपेक्षा करू नये. बोरॉनाचा परागाच्या वाढीशी व फळधारणेशी जवळचा संबंध आहे, तसेच त्याच्या अभावी फळे तडकण्याचे प्रमाण वाढते. चुनखडीच्या जमिनीत जस्त व लोह यांची कमतरताही वरचेवर दिसते. मात्र या द्रव्यांची गरज अत्यल्प असून बोरॉनाची जादा मात्रा झाडास विषारी ठरते. परीक्षणाशिवाय त्यांचा वापर करू नये.

खते देताना ती खोडालगत टाकू नयेत. अन्न शोषणारी बारीक मुळे झाडाच्या विस्ताराखाली व कडेच्या सुमारास असतात. तेथे उथळ चर काढून बांगडी पद्धतीने खत द्यावे व मातीने झाकावे. ठिबक असल्यास जेथे पाणी पडते त्या ओल्या पट्ट्यातच खत पडले पाहिजे, अन्यथा ते कोरड्या मातीत पडून राहते. शेणखत पूर्ण कुजलेले असावे.

कळी उमलली की तिला मधमाशीची गरज असते. त्या काळात कीटकनाशकांची फवारणी टाळावी. खताचे माप बरोबर ठेवूनही परागीकरण झाले नाही, तर मादी कळीदेखील गळून जाते.

तेल्या रोग आणि कोवळी फूट

कसमादेतील बागाइतदारांस तेल्या रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. या जिवाणुजन्य रोगाची भारतातील पहिली नोंद १९५२ मधील असली, तरी महाराष्ट्रात त्याने खरा कहर केला तो २००० नंतरच्या दशकात. त्यापायी या टापूतील कित्येकांनी उभ्या बागा उपटून कांदा धरला. जादा नत्रामुळे येणारी लुसलुशीत फूट व दाट पानोळा हे या जिवाणूच्या पथ्यावर पडणारे असते. आत हवा खेळत नाही, पावसाचे पाणी पानांवर रेंगाळते व रोग झपाट्याने पसरतो. मृग बहारात हे संकट सर्वाधिक असते. म्हणून रोगग्रस्त भागात, कळी व फळ यांची वाढ कोरड्या हवेत होईल असा हस्त बहार धरण्याचा सल्ला दिला जातो. मात्र सप्टेंबरच्या पावसात पाणी तोडून ताण बसविणे कठीण जाते. अशा बहारात नत्राचा संयम हाच ताणाचा मोठा साथीदार ठरतो. बेताचे नत्र एकाच वेळी कळीही राखते आणि झाडाची रोगास बळी पडण्याची वृत्तीही कमी करते.

इतर फुलझाडांसही हाच न्याय

हा नियम डाळिंबापुरता नाही. आपल्या रानातील टेंभुर्णी, जिची पाने विड्या वळण्यास वापरतात, तिच्याच कुळातील पर्सिमॉन नावाचे झाड जपान व चीनमध्ये फळांसाठी व शोभेसाठी लावतात. हिमाचल प्रदेशात त्यास ‘जापानी फळ’ म्हणतात. त्याची फुले चालू हंगामातील नव्या फुटीवर येतात, तेव्हा थोडे नत्र त्यालाही हवेच. पण नत्र जादा झाले की फूट माजते व लहान फळे गळतात, असा तेथील बागाइतदारांचाही अनुभव आहे. अंगणात शोभेसाठी लावलेल्या दुहेरी पाकळ्यांच्या डाळिंबासही हाच न्याय लागू पडतो. त्याला फळ धरावयाचे नसते, पण फूल हवे असेल तर भरपूर ऊन व बेताचे खत हेच त्याचेही पथ्य होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ही गोष्ट व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर पटते. गावातील एखाद्या तयार शेतकऱ्याच्या बागेत एकसारख्या वाढीच्या झाडांच्या दोन ओळी निवडाव्यात. एका ओळीस त्याच्या नेहमीच्या पद्धतीने खत द्यावे. दुसऱ्या ओळीस माती परीक्षणावर आधारलेली मात्रा द्यावी व नत्र वर सांगितल्याप्रमाणे दोन हप्त्यांत विभागावे. ताण, पाणी, छाटणी व औषधे दोन्हीकडे सारखीच ठेवावीत, म्हणजे फरक कशामुळे पडला याविषयी शंका उरणार नाही.

पहिल्या लाटेची कळी निघाल्यावर प्रत्येक ओळीतील पाच झाडे घ्यावीत. प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंच्या मिळून वीस कळ्या तपासाव्यात. शंभरांत फुगीर बुंध्याच्या मादी कळ्या किती व निमुळत्या नर कळ्या किती, हे वहीत मांडावे. पुढे धरलेल्या फळांची संख्या, तोडणीचा दिनांक व खतावर झालेला खर्च यांचीही नोंद ठेवावी. मोजणी शेतकऱ्याच्या हातूनच करवून घ्यावी व शेजाऱ्यांना त्या दिवशी बागेत बोलवावे. स्वतःच्या हाताने मोजलेला आकडा माणूस सहसा विसरत नाही.

एका वर्षाच्या निष्कर्षावर थांबू नये. ज्या बागेत अनेक वर्षे नत्र जादा पडले आहे तेथील जमीन व झाड पूर्ववत होण्यास एक-दोन हंगाम लागतात. खत कमी केल्याने पहिल्या वर्षी झाड थोडे फिके दिसले तरी शेतकऱ्याचा धीर सुटू देऊ नये. मात्र पाने खरोखरच पिवळी पडून फूट खुंटली, तर ते नत्राच्या तुटीचे लक्षण असू शकते, हेही त्यास समजावून सांगावे.

येत्या आंबे बहारासाठी देवळा परिसरात नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडले जाईल. त्यापूर्वीच माती परीक्षण करून घ्यावे, घरात असलेल्या प्रत्येक खताच्या गोणीवरील आकडे वाचून नत्राची बेरीज कागदावर मांडावी आणि ताणाच्या काळात युरियाची गोणी बंदच ठेवावी. इतके केले तर जानेवारीत पाणी सोडल्यावर झाड आपल्या साठ्यातून कळी देईल. तिच्यातील मादी कळी टिकविणे हे मग पाण्याचे, मधमाशीचे व शेतकऱ्याच्या दक्षतेचे काम राहील.